सुट्टी लागून बारा दिवस झाले आणि घरात सगळेच एकमेकांवर खेकसायलेत

दोन_पोरांची_आई | १२ मे, रात्री १२:२०

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. जुळे सोलापुरात राहतो. मी, नवरा, सासूबाई, मुलगा ११ वर्षांचा आणि मुलगी ६ ची. मी घरूनच काम करते, अकाउंट्सचं, १० ते ६ लॅपटॉपसमोर. नवरा चिंचोळी एमआयडीसीत, शिफ्ट ड्युटी, नाईट असली की दिवसा झोपलेला त्यामुळे घरात "हळू बोला बाबा झोपलेत" हे दिवसातून पन्नास वेळा.

मुलगा रात्री दीड-दोनला झोपतो आणि ११ ला उठतो. उठला की मोबाईल. मोबाईल काढून घेतला की टीव्ही, टीव्ही बंद केला की बहिणीला मारणं. मुलगी दिवसभर माझ्या खुर्चीला चिकटून, मीटिंग चालू असताना "आई मी काय करू, आई मी काय करू". बाहेर सोडावं तर ४२-४३ डिग्री, सकाळी साडेनऊनंतर गल्लीत कुत्रं पण दिसत नाही. साडेतीन हजार भरून एका समर कॅम्पला घातलं होतं, स्केटिंग आणि अबॅकस, तीन दिवस गेला आणि चौथ्या दिवशी म्हणाला पोटात दुखतंय. पैसे गेलेच.

आज दुपारी मोबाईल हातातून ओढून घेतला तर त्याने दाराला लाथ मारली आणि मी त्याला थोबाडीत मारली. आजपर्यंत कधी मारलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "पोरं बघता येत नाहीत तर नोकरी कशाला". बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, मग आठवलं पाणी अजून तीन दिवसांनी येणारे, नळ बंद केला आणि तसंच रडले.

खरं सांगू का, घर शांत असतं फक्त पाणी येतं त्या दिवशी. बाकी चार दिवस युद्ध. शाळा जूनच्या मध्यात. अजून महिना काढायचाय. कुणी कसं काढताय? "मुलांना वेळ द्या" हा सल्ला सोडून काहीही सांगा.

कडक_भाकरी | १२ मे, रात्री १२:४१

नळ बंद करून रडणारी सोलापूरचीच बाई हो तुम्ही, शंका नाही. हसतोय म्हणून रागावू नका, आमच्यात पण तेच चाललंय. पोरगा १३ वर्षांचा, "काय करलालास बे?" विचारलं की "काय नाही". दुपारी विचारा काय नाही, रात्री विचारा काय नाही. मी शहाणपणा करून वायफायचा राऊटर ऑफिसला घेऊन गेलो बॅगेतनं. संध्याकाळी आलो तर हा शेजारच्यांच्या जिन्यात बसून त्यांचं वायफाय वापरायला, पासवर्ड त्यांच्या पोरीने दिला. वर शेजारच्या काकू मला म्हणतात, तुमच्याकडे नेट परवडत नाही का.

तात्पर्य काही नाही. राऊटर परत आणून लावला.

जुन्या_वळणाचा | १२ मे, सकाळी ७:०५

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दोन महिने सुट्टी, आई दुपारी भाकरी वाढायची आणि संध्याकाळी दिवा लावताना मोजायची की सगळे आलेत का. मेंटल हेल्थ वगैरे शब्द पण ऐकले नव्हते. तुम्ही लोक पोरांचं लई मनावर घेता.

शेंगाचटणी | १२ मे, सकाळी ७:३०

@जुन्या_वळणाचा काका, तुमच्या वेळी वाड्यात १४ पोरं होती, अंगणात लिंबाचं झाड होतं आणि आईच्या मदतीला काकू, आत्या, आजी मिळून ४ बायका होत्या. तिच्या फ्लॅटमध्ये ती एकटीये आणि शेजारी दार लावून एसीत. आणि तेव्हाच्या आया रडत नव्हत्या असं तुम्हाला कुणी सांगितलं? चुलीच्या धुराने डोळ्यात पाणी आलं म्हणायच्या, एवढंच.

जुन्या_वळणाचा | १२ मे, सकाळी ७:५२

बरं. हे मात्र खरं. माझी आई दर मे महिन्यात आजारी पडायची आणि आम्ही तिला ऊन बाधलं समजायचो.

शाळेतली_ताई | १२ मे, सकाळी ९:१५

मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते, १४ वर्षं झाली. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही पण तुमच्या पोस्टमधली एकच गोष्ट आधी धरते, झोप.

६ ते १२ वयाच्या मुलाला २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ ला ८ ते १०. तुम्ही म्हणाल तो दोन ते अकरा झोपतो म्हणजे नऊ झालेच की. तासांचा हिशोब बरोबर आहे हो, पण वेळ चुकलीये. आपल्या शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं. अकराला पडदे लावलेल्या खोलीत उठलेल्या पोराला रात्री दहाला झोप येणारच नाही, तो मुद्दाम करत नाहीये. त्यात सोलापूरचा उन्हाळा. झोप लागायला अंग आतून थोडं थंड व्हावं लागतं आणि आपले स्लॅब दिवसभर तापून रात्री बारापर्यंत खाली आग टाकत असतात. मग पोरगं कुशी बदलत पडतं, हातात मोबाईल येतो, मोबाईलवर काहीतरी चटकदार चालू असतं, दोन वाजतात. दुसऱ्या दिवशी तो चिडका, त्याला बघून तुम्ही चिडक्या, नाईट करून आलेला नवरा चिडका. सगळे अर्धवट झोपलेले लोक एका घरात. याला वाईट वळण म्हणायचं की लाड झालेत म्हणायचं? माझ्या मते आधी झोपेची उधारी म्हणा.

करायचं काय तर रात्री लवकर झोप म्हणून मागे लागू नका, ते कुणाच्याच हातात नसतं. उठायची वेळ अलीकडे आणा, दर दोन-तीन दिवसांनी २० मिनिटं. ११ चं १०:४०, मग १०:२०. उठल्यावर लगेच बाल्कनीत किंवा गच्चीवर, उजेडात, दहा मिनिटं. झोपायच्या आधी अंघोळ. गच्ची असेल तर संध्याकाळी उतरत्या उन्हात दोन बादल्या मारा (वापरलेलं पाणी चालतं, कपड्याचं), आणि शक्य असेल तर झोपाच वर.

मोबाईलबद्दल. हिसकावून घेऊ नका. तो ऑनलाईन खेळत असेल तर मध्येच बंद केला की त्याची टीम हरते आणि मित्र शिव्या घालतात, त्याच्यासाठी ते खरं नुकसान असतं. "ही मॅच संपली की दे" एवढंच सांगायचं आणि संपली की हात पुढे करून उभं राहायचं. किती वेळ आणि कधी हे सकाळीच ठरवायचं, भांडण चालू असताना ठरवायचं नाही. आणि ठरलेला वेळ त्याचा, त्यात टोमणे नाहीत.

आता थोबाडीत मारलेलं. जाऊन सॉरी म्हणा. "मी मारायला नको होतं, चुकलं माझं." इथे पूर्णविराम. "पण तू पण" हे त्याला जोडू नका, ते जोडलं की ते सॉरी राहत नाही. आयांना हे सगळ्यात जड जातं आणि मी स्वतः माझ्या मुलीला पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ती इतकी घाबरली की तिला वाटलं मी आजारी आहे.

दोन_पोरांची_आई | १२ मे, दुपारी २:१०

ताई मीटिंगमध्ये म्यूट करून वाचतेय आणि डोळ्यात पाणी आलंय. संध्याकाळी म्हणते त्याला.

पूर्वभागातली | १२ मे, दुपारी ३:४५

मी लिहू का नको कळत नव्हतं कारण तुमच्याकडे लॅपटॉप बाल्कनी वगैरे आणि आमच्याकडे दहा बाय बाराची खोली. आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलतो, नवरा लूमवर, मी आणि अम्मा विड्या करतो. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे पोराने दुपारी त्रास दिला की माझ्या विड्या कमी होतात, सरळ हिशोब. शाळा असली की दुपारची खिचडी शाळेत होते, पोरं पाच तास बाहेर असतात. सुट्टीत तो खर्च पण माझ्याकडे आणि ती पोरं पण माझ्याकडे. खोलीला पत्रा. दुपारी दोन ते चार पत्र्याखाली बसवत नाही, सगळे मारुतीच्या देवळात जाऊन फरशीवर झोपतात, बायका पण.

माझी मोठी १२ ची आहे. मागच्या सुट्टीत ती माझ्याबरोबर पानं कापायला बसायची, मला वाटलं चांगलंय शिकतेय, मदत होतेय. मग एक दिवस म्हणाली अम्मा शाळा कधी सुरू होणार, मला इथून उठायचंय. लई लागलं मनाला. या वर्षी ठरवलं तिला पान-तंबाखूला हात लावू द्यायचा नाही. गल्लीत आम्ही चार बायकांनी वाटून घेतलंय, रोज एकीने चार वाजता सगळ्यांची पोरं घेऊन बसायचं देवळात, बाकी तिघी त्या दोन तासात काम करतात. ११ पोरं होतात. कॅरम एक आहे आणि सोंगट्या. भांडतात खूप. पण माझ्या वाट्याला चार दिवसातनं एकदाच येतं ना.

शाळेतली_ताई | १२ मे, दुपारी ४:०२

@पूर्वभागातली तुम्ही लिहा की नको विचारताय आणि या धाग्यावरचं सगळ्यात कामाचं तुम्हीच लिहिलंय. मी पाच पॅरा लिहिले आणि त्यात एकदाही शेजारणीचं नाव नाही.

कडक_भाकरी | १२ मे, दुपारी ४:२०

@दोन_पोरांची_आई एक विचारायचं राहिलं. पाणी येतं त्या दिवशी घर शांत असतं म्हणालात. का?

दोन_पोरांची_आई | १२ मे, रात्री १०:५०

सॉरी म्हणाले. तो काही बोलला नाही, पायाने फरशी घासत उभा राहिला. मग जेवताना माझ्या ताटात त्याने स्वतःहून चटणी वाढली. बास.

@कडक_भाकरी आमच्याकडे पाणी पाच दिवसांनी, पहाटे साडेतीन-चारला. उजनीत पाणी असो नसो सोलापूरच्या नळाला रोज येत नाही हे आपल्याला माहितीये. तर त्या दिवशी सगळेच उठतात. मोटर लावणं मुलाकडे, कारण टाकी भरल्याचा आवाज त्यालाच बरोबर कळतो, मी दोनदा टाकी ओसंडून घालवली होती. सासूबाई पिण्याचं गाळून भरतात, मुलगी माठ आणि बाटल्या, मी कपडे आणि फरशी. नवरा घरी असला तर बादल्या वर नेतो. सहापर्यंत पाणी जातं, मग सगळे मिळून चहा पितो, पोरांना पण अर्धा कप मिळतो त्या दिवशी. त्या दिवशी मोबाईल दुपारपर्यंत कुणाला आठवत नाही आणि रात्री साडेनऊला सगळे आडवे.

लिहिताना मलाच आत्ता काहीतरी कळायलंय.

कडक_भाकरी | १२ मे, रात्री ११:०४

तेच म्हणलालो मी. तुमचं पोरगं घरात निरुपयोगी नाही असं त्याला फक्त पाण्याच्या दिवशी वाटतंय. बाकीचे चार दिवस त्याने काय करायचं तर "गप बस". मला कुणी दिवसभर गप बस म्हणलं तर मी पण दाराला लाथ घालीन.

आजी_६८ | १३ मे, सकाळी ६:३०

मी बोलून टाइप करते, चुकलं तर वाचून घ्या. मी पण कुणाची तरी सासू आहे त्यामुळे थोडं आमच्याकडून. आमच्या सूनबाई पण नोकरी करतात. सुट्टी लागली की सगळे म्हणतात आजी आहे ना घरी. अहो आजीला गुडघे आहेत, बीपीची गोळी घेतली की दुपारी झापड येते, आणि दोन नातवंडं अंगावर उड्या मारतात. मग चिडचीड होते आणि तोंडातनं नको ते जातं. "नोकरी कशाला" हे मी पण बोलून बसलेय एकदा. बोलायचं होतं मी दमलेय, आणि निघालं ते दुसरंच.

तुमच्या सासूबाईंना एक दुपार विचारून बघा की आई तुम्हाला किती वाजता पडायचंय. आमच्या सुनेने विचारलं, दीड ते साडेतीन माझी खोली बंद, आत कुणी यायचं नाही. त्याबदल्यात संध्याकाळी पाचनंतर पोरं माझी. मी त्यांना सारीपाट शिकवला. धाकटा लबाडी करतो पण हुशार आहे. मे महिन्यात शेवया कुरडया करतो तेव्हा गच्चीवर कावळ्या-चिमण्यांवर पहारा त्यांचा, सकाळी ऊन चढायच्या आधी. ओली कुरडई चोरून खातात ती मी मोजत नाही.

दोन_पोरांची_आई | १३ मे, सकाळी ९:२०

आजी मी कधी विचारलंच नव्हतं हो. सहा वर्षांत नाही.

पुणे_सोलापूर_पुणे | १४ मे, रात्री ११:३०

विषय थोडा वेगळा पण सुट्टीचाच म्हणून इथेच. आमचा घटस्फोट झालाय, मुलगी ९ वर्षांची माझ्याकडे सोलापुरात, तिचा बाबा पुण्यात. मे मध्ये १५ दिवस ती तिकडे. काल पहाटे साडेसहाच्या हुतात्मा एक्स्प्रेसने तिला सोडून आज एकटी परत आले. तुमच्या सगळ्यांच्या घरात गोंधळ आहे आणि माझ्या घरात फ्रीजचा आवाज येतोय.

तिला जाताना आनंद होतो आणि त्या आनंदाची तिला माझ्यासमोर चोरी वाटते. स्टेशनवर विचारत होती, "आई तू रडणार नाहीस ना?" ९ वर्षांच्या पोरीने हे विचारू नये. मी म्हणाले रडेन थोडं, मग तुझं कपाट आवरेन, मग मावशीकडे जेवायला जाईन. पूर्ण खोटं बोलावंसं वाटलं नाही. तिकडून आल्यावर दोन-तीन दिवस ती उगाच भांडते, मागच्या वर्षी मला वाटायचं तिकडे कान भरलेत. यावर कुणाचा अनुभव?

शाळेतली_ताई | १५ मे, सकाळी ८:१०

कान भरले नसतीलही. दोन घरांचे दोन वेगळे नियम, झोपेच्या वेळा वेगळ्या, एकाला सोडून दुसऱ्याकडे आल्याचं ओझं, आणि भांडण तिथेच करतात मुलं जिथे भांडून पण आपल्याला कुणी टाकणार नाही याची खात्री असते. आल्या दिवशी प्रश्नांची सरबत्ती नको. वरणभात, अंघोळ, झोप. चौथ्या दिवशी ती आपणहून सांगेल. आणि तुमचं उत्तर मला आवडलं, रडेन पण माझं मी बघेन. तिला काळजीतून सोडवायला एवढंच लागतं.

दहावीचा_बाप | १७ मे, रात्री १:१५

हा धागा चार दिवस वाचतोय. माझा प्रश्न लहान मुलांचा नाही. मुलाची दहावी झाली, निकाल या महिन्यात लागेल म्हणतात. पेपर संपल्यावर पहिले दहा दिवस मस्त क्रिकेट. आता दोन-तीन आठवडे झाले, ग्राउंडला जात नाही, मित्र बोलवायला आले तर "झोपलाय म्हणून सांगा". जेवण निम्म्यावर. काल त्याची बॅट, जी कुणाला हात लावू द्यायचा नाही, ती चुलत भावाला देऊन टाकली. बायको म्हणते निकालाचं टेन्शन आहे, लागला की होईल ठीक. घरी आलेला प्रत्येक माणूस विचारतो किती पडतील. मला काहीतरी बरोबर वाटत नाहीये. मी त्याला कधी असं विचारलेलं नाही, आमच्यात बापलेक बोलत नाहीत तसं.

शाळेतली_ताई | १७ मे, सकाळी ६:१०

@दहावीचा_बाप उठल्या उठल्या वाचलं, बाकीच्यांना थांबवून हे आधी.

तुम्हाला बरोबर वाटत नाहीये ते बरोबर आहे. दोन आठवड्यांच्या वर मन उतरलेलं, मित्र तोडलेले, जेवण कमी आणि जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकणं, हे निकाल लागेपर्यंत थांबून बघायचं नाही. आजच त्याच्याशी बोला. समोरासमोर बसून जमत नसेल तर गाडीवर घ्या, संध्याकाळी कंबर तलावाकडे चक्कर मारा, शेजारी शेजारी चालताना पोरं बोलतात. आणि सरळ विचारा, "जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो हा गैरसमज आहे. उलट मुलांना सुटल्यासारखं वाटतं. तो जे सांगेल ते ऐकायचं, समजवायचं नाही, मार्कांचा विषय काढायचा नाही.

टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६. २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. त्याच्याआधी तुम्ही स्वतः लावा आणि विचारा मी मुलाशी कसं बोलू, त्यासाठीही असते ती. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, तिथे दाखवता येतं, किंवा ओळखीचे मानसोपचारतज्ज्ञ असतील तर तिथे. तो हो म्हणाला, किंवा गप्प राहिला पण तुमच्या पोटात खड्डा पडला, तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी न्या. घरातली औषधं, फवारणीचं काही असेल तर कुलपात. घरी येणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही दारातच सांगा की निकालाचा विषय नको. ते काम बापाचं.

दहावीचा_बाप | १७ मे, रात्री ११:५०

दुपारी १४४१६ ला लावला, एक बाई बोलल्या, शांतपणे. संध्याकाळी त्याला घेऊन गेलो तलावाकडे. दोन चकरा काही बोललो नाही. तिसऱ्या चकरेला विचारलं, तुम्ही सांगितलं तसंच, माझाच आवाज कापत होता. तो थांबला आणि म्हणाला, "येतं कधी कधी." मग आम्ही दोघं कठड्यावर बसून होतो, मला काही सुचलं नाही, खांद्यावर हात ठेवला फक्त. गणिताचा पेपर खराब गेलाय आणि त्याने मार्चपासून कुणालाच सांगितलं नाहीये. मी आज त्याच्या खोलीत झोपतोय. उद्या सकाळी दाखवायला नेणार आहे.

एवढंच सांगायला आलो. आता फोन बंद करतो.

पूर्वभागातली | १८ मे, सकाळी ६:००

दादा, सिद्धरामेश्वराला सांगितलंय मी. डॉक्टरकडे पण न्याच.

जुन्या_वळणाचा | १८ मे, सकाळी ६:४०

न्या. आणि फी किंवा सोबतीला माणूस लागला तर मला मेसेज करा, मी रिटायर माणूस आहे, रिकामाच असतो. वरचं माझं लिहिलेलं मागे घेतो.

शेंगाचटणी | १९ मे, रात्री ९:१५

वातावरण जरा हलकं करते. सकाळी लवकर उठणाऱ्यांसाठी, भुईकोट किल्ल्यात सात वाजता सावली असते, सिद्धेश्वर तलावाकडून वारा येतो. आठनंतर नको. भाच्यांना डॉ. कोटणीसांचं स्मारक दाखवून आणलं भैय्या चौकाकडलं. भाचा १० वर्षांचा, त्याला एवढंच माहीत होतं की कोणीतरी डॉक्टर. सांगितलं की हा इथलाच सोलापूरचा पोरगा, १९१० चा जन्म, १९३८ ला चीनला गेला युद्धात जखमी लोकांवर उपचार करायला आणि १९४२ मध्ये तिथेच गेला, ३२ वर्षांचा. भाच्याचा प्रश्न, "त्याच्या आईने कसं जाऊ दिलं?" काय उत्तर द्यायचं. आणि एक गंमत, कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबरचा, जागतिक मानसिक आरोग्य दिन पण तोच, आणि ते १४४१६ पण २०२२ च्या १० ऑक्टोबरलाच सुरू झालं. योगायोगच, पण मला आवडला.

दोन_पोरांची_आई | २४ मे, रात्री १०:१०

अपडेट द्यायला आले. सगळं सुरळीत झालं वगैरे काही नाही, परवाच मुलीने माझ्या लॅपटॉपवर ताक सांडलं आणि मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरून फोन आला.

पण सांगते. मुलगा आता साडेआठला उठतो, दहा-बारा दिवस लागले, ताईंचे २० मिनिटं दर वेळी पाळले नाहीत, कधी १० कधी ४०. गच्चीवर झोपतो आम्ही तिघं, सासूबाईंना जिना नको म्हणून त्या खाली. रात्री अकरानंतर वारा सुटतो तो खरंच वेगळा असतो, दहा वर्षं या घरात राहून मी पहिल्यांदा वर झोपले.

सासूबाईंना विचारलं किती वाजता पडायचंय. आधी म्हणाल्या मला कुठे काय. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं, दोन ते चार. आता दोन ते चार मी दार लावून काम करते, त्या दार लावून झोपतात, आणि पोरांना हॉलमध्ये सांगितलंय की या दोन तासात कंटाळा आला तर कंटाळा करा, आम्हाला सांगायचं नाही. पहिले तीन दिवस दर दहा मिनिटांनी दार वाजलं. चौथ्या दिवशी वाजलं नाही म्हणून मीच घाबरून बघायला गेले तर चादरी खुर्च्यांवर टाकून घर केलेलं, आत दोघं, टॉर्च लावून. सोलापुरी चादर या कामाला एक नंबर, जड असते, सरकत नाही.

आणि कामं. कडक_भाकरींचं बोलणं डोक्यात बसलं होतं. मुलाला विचारलं घरातलं कुठलं एक काम पूर्ण तुझं, ज्यात आम्ही बोलणार नाही. मला वाटलं म्हणेल झाडांना पाणी. म्हणाला संध्याकाळचं किराणा-भाजी. पैसे देऊन पाठवते, सायकलवर जातो सहानंतर. पहिल्या दिवशी वांगी किडकी आणली आणि २० रुपये जास्त दिले. गप्प बसले, जीभ चावून. आता भाजीवाल्या मावशी त्याला नावाने ओळखतात आणि तो मला सांगतो, "आई आज टोमॅटो नको, महागलेत." मोबाईल आहेच, दीड तास, कधी दोन. भांडण आहे पण लाथ नाही.

नवऱ्याबद्दल कुणीच विचारलं नाही, मीच सांगते. त्याला हा धागा वाचायला दिला. वाचून म्हणाला, "यात मी फक्त झोपलेलाच आहे." म्हटलं हो. रविवारी पोरांना घेऊन सकाळी सहाला किल्ल्यात गेला, मला न उठवता. मी साडेनऊला उठले. घरात कुणी नव्हतं, सासूबाई देवपूजा करत होत्या, आम्ही दोघींनी चहा घेतला, फार काही बोललो नाही.

पुणे_सोलापूर_पुणे | ३१ मे, रात्री १०:४०

आली माझी. वरणभात, अंघोळ, झोप. तीन दिवस काही विचारलं नाही, जीभ चावत होते. आज चौथा दिवस, रात्री केस विंचरताना म्हणाली, बाबाला पोळ्या येत नाहीत, पण आता मला येतात.

दहावीचा_बाप | ३ जून, सकाळी ७:२५

निकाल लागला. पास झालाय, गणितात काठावर. टक्के इथे लिहीत नाही, त्याने सांगितलंय कुणाला सांगायचे नाहीत. गोळ्या चालू आहेत, दर आठवड्याला बोलायला जातो, डॉक्टर म्हणाले वेळ लागेल, लागू दे. चुलत भाऊ काल बॅट परत घेऊन आला होता. याने घेतली नाही, म्हणाला राहू दे तुझ्याकडे. माझ्या काळजात चर्र झालं. मग म्हणाला, मला जड होत होती तशीपण, बाबा नवीन घेऊ का, थोडी हलकी.

संध्याकाळी नवी पेठेत जातोय बघायला.

कडक_भाकरी | ३ जून, सकाळी ७:४०

मी पण येऊ का बे पोरगं घेऊन? विचारलं तर "काय नाही" म्हणेल, पण येईल.

दोन_पोरांची_आई | ३ जून, सकाळी ७:५५

आज आमच्याकडे पाण्याचा दिवस होता, टाकी भरली, आत्ता चहा झाला. @दहावीचा_बाप मुलाला विचारून लिहा कुठली घेतली.